तामोरे मॅडमचं तेल

तामोरे मॅडमच्या शोकसभेत कुणीतरी त्यांच्या फोटोपुढे तेलाची बाटली ठेवली होती. तपकिरी काचेची, ड्रॉपरच्या टोपणाची, लहानशी. हार, उदबत्ती आणि शेजारी ती बाटली. प्राचार्य बोलले, ‘आपल्या मातीतल्या वनस्पतींना वाहून घेतलेल्या’ असं काहीतरी. मग एक माजी विद्यार्थी उठला आणि मॅडमच्या तेलाने आपल्या आईच्या हाताचं चिघळणं कसं थांबलं ते त्याने सांगितलं. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे लोकांच्या लक्षात येईपर्यंत चार-दोन वाजल्याही. मी मागच्या रांगेत होते. मॅडम असत्या तर उठून पुढे गेल्या असत्या, बाटली पर्समध्ये टाकली असती आणि मगच जागेवर येऊन बसल्या असत्या. सभा संपल्यावर मी फुलं वाहायला गेले तेव्हा ती बाटली तिथे नव्हती. कुणीतरी ती घरी नेली होती.

म्हणून हे लिहिते आहे. जमेल तितकं, सावकाश.

मी पालघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. नवऱ्याची नोकरी कुंभवलीजवळच्या कारखान्यात, म्हणून साताऱ्याहून इकडे आलो आणि सरावलीत घर केलं. कॉलेजात रुजू झाले त्या दिवशी पुस्तकांच्या नोंदवहीत सहीसाठी पेन पुढे केलं, तर समोरच्या बाईंनी पेन घेतलंच नाही. माझी बोटं बघत राहिल्या.

“साबण बदललात का अलीकडे?”

“हो. इकडे आल्यावर.”

“परत जुना घ्या. कातडी सोलवटतेय. फटीतून कोण आत शिरेल सांगता येत नाही.” आणि मग माझ्याकडे बघून हसल्या. “मी तामोरे. मायक्रोबायॉलॉजी.”

माणसाचा चेहरा त्या नंतर बघायच्या. आधी हात. प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहून प्रत्येक मुलामुलीला “आधी हात” म्हणायच्या, आणि कोपरापर्यंत धुतल्याशिवाय आत सोडायच्या नाहीत. पोरं त्यांना पाठीमागे ‘हातमॅडम’ म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा एकाने चुकून तोंडावरच म्हटलं, तर म्हणाल्या, “नाव बरं आहे. आता दाखव, नखं कधी कापलीस?”

त्या तारापूरकडच्या किनाऱ्यावरच्या. वडिलांची होडी होती. आई लहानपणीच गेली आणि आत्येने वाढवलं. काशीआते. घरातल्या शिकलेल्या त्या एकट्याच, पण त्याचं त्यांना फार अप्रूप नव्हतं. डब्यात सुक्या बोंबलाची चटणी असायची आणि डबा उघडण्याआधी त्या स्टाफरूमची खिडकी उघडायच्या. फिजिक्सचे जोशीसर नाकाला रुमाल लावून म्हणायचे, “मॅडम, आज समुद्र जरा जास्तच जवळ आलाय.”

“सर, तुम्ही बोईसरला राहता. संध्याकाळी कारखाने जे सोडतात ते रोज फुकट हुंगता. माझा बोंबील निदान सांगून येतो.”

जोशीसरांसकट सगळे हसायचे. मग मॅडम चमचाभर चटणी माझ्या डब्याच्या झाकणावर काढून ठेवायच्या. मला ती पहिल्यांदा गिळवली नाही. पुढे सवय झाली.

किनाऱ्यावरच्या बायकांच्या हातांचं त्यांनी मनावर घेतलं ते या आत्येमुळेच. मासळी निवडताना, कापताना, वाळत घालताना काटे लागतात, विळी लागते. खारं पाणी दिवसभर. शिंगाळी माशाचा काटा घुसला तर हात दोन दिवस ठणकतो. बायका हळद भरतात, चिंधी बांधतात आणि पुन्हा पाटीपाशी बसतात. बऱ्याच जणींना साखर आहे, आणि ती असल्याचं मान्य करायला त्या तयार नसतात. जखम चिघळते. मॅडमच्या लहानपणी त्यांच्या गल्लीतल्या एका बाईचा पंजा असा गेला होता. त्याबद्दल त्या एकदाच बोलल्या, तेही पुस्तक परत करता करता, शिक्का मारून होईपर्यंत.

रविवारी त्या गावी जायच्या आणि कापसाच्या बोळ्याने बायकांच्या तळहातांवरून, नखांच्या कडेवरून जंतूंचे नमुने घ्यायच्या. आधी बायकांना याची गंमत वाटायची.

“माझ्या हातावरचा काय नेते गो?” एकीने विचारलं होतं.

“तुझी जनावरं.”

“मंग चारा घालते का त्यांना?”

“घालते. तू तुझ्या नवऱ्याला घालतेस त्यापेक्षा चांगला.”

त्यातले बरेचसे आपल्या सगळ्यांच्या कातडीवर राहतात तेच स्टॅफिलोकॉकस. एरवी निरुपद्रवी, पण फट सापडली की आत घुसणारे. मॅडमनी ते नळ्यांत वाढवले आणि नळ्यांवर नंबर न घालता ज्यांच्या हातांवरून घेतले त्यांची नावं घातली. देवकी, यमुना, काशी. फ्रिज उघडून त्या म्हणायच्या, “देवकी गरीब आहे, कशानेही मरते. यमुना दोन दिवस कुरकुरते. ही काशी बघा. हिला काही होत नाही.” मला ते ऐकताना कसंतरी व्हायचं. जिवंत माणसांची नावं त्या थंड नळ्यांवर बघवत नसत. मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “शिंदेबाई, नंबर विसरला जातो. आत्ये विसरली जात नाही.”

त्यांना तेल हवं होतं. मलम, गोळ्या बायका घेत नाहीत, अर्ध्यावर सोडतात, आणि अर्ध्यावर सोडलेलं औषध जंतूंना शहाणं करतं. तेल मात्र बायका लावतात. लहानपणापासून लावत आल्या आहेत. सफाळ्याच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या बांधावर गवती चहा माजलेला होता. तो पोत्याने यायचा. केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये वाफेवर त्याचं तेल काढायचं. लवंगेचं तेल विकत आणायचं. दालचिनीचं करून बघितलं, पण ते कातडी जाळतं म्हणून सोडलं. एकेकटं तेल काशीच्या नळीपुढे हरायचं. मग त्यांनी मिसळायला सुरुवात केली. यातलं इतकं, त्यातलं तितकं. एकमेकांच्या मदतीने दोन तेलं काय करतात ते बघायचं. परदेशी जर्नल्समधले असे लेख मी त्यांना मिळवून द्यायची. माझा या सगळ्यात तेवढाच वाटा.

एका दुपारी त्या लायब्ररीत आल्या आणि मला ओढतच लॅबमध्ये घेऊन गेल्या. काचेच्या बशीत जंतूंची पिवळसर साय धरली होती. तिच्यात चार छिद्रं पाडून चार थेंब घातले होते. एका बाजूच्या तीन थेंबांभोवती लहान लहान स्वच्छ कडी होती. चौथ्या, मिसळलेल्या तेलाभोवती साय जवळपास बशीच्या कडेपर्यंत उतरली होती. नुसती स्वच्छ काच.

“काशी आहे ही,” मॅडम म्हणाल्या. “आमची काशी.”

शेजारी कंट्रोलची बशी होती. मुलांच्या डोक्यात त्या ही गोष्ट वर्षभर भरवायच्या: एक बशी अशी ठेवायची जिच्यात औषध अजिबात नाही, आणि तिथे जंतू भरभरून वाढलेच पाहिजेत, नाहीतर आपण काहीच सिद्ध केलेलं नाही. त्या बशीत जंतू वाढले होते, पण पातळ. मी सहज विचारलं. “कल्चर जुनं झालंय,” त्या म्हणाल्या, आणि बशी बाजूला ठेवली.

हा निकाल त्यांनी एका छोट्या परिषदेत मांडला, कौतुक झालं. गावात कुणीतरी मोबाइलवर त्या बशीचा फोटो दाखवला असावा. पुढच्या रविवारी काशीआते त्यांना म्हणाली, “इतकी वर्सा आमच्या हातावरचा न्हेला. आमाला काय दिला?” मॅडमनी खोबरेल तेलात मिसळून थोड्या बाटल्या भरल्या आणि नेऊन दिल्या. आधी चाचण्या, मग माणसं, हे त्या वर्गात शिकवायच्या. पण समोर आत्ये हात पसरून बसली होती.

तेलाचा वास चांगला होता. लावलं की गार वाटायचं, लवंगेने ठणका उतरायचा. बायका खूश होत्या.

पावसाळ्याच्या शेवटी एकदा इनक्युबेटर नादुरुस्त झाला. जंतू वाढवायची ती उबदार पेटी. लॅबमध्ये तशी ती एकच. दुरुस्तीला वेळ होता म्हणून मॅडमनी नव्या बश्या दोन ठिकाणी ठेवल्या. तेलाच्या बश्या शेजारच्या कॉलेजात ओळखीच्या बाईंकडे आणि कंट्रोलची बशी बॉटनीच्या जुन्या पेटीत. दुसऱ्या दिवशी त्या लायब्ररीत आल्या. हातात बशी होती, उघडी नव्हती, पण बशी लॅबबाहेर न्यायची नाही हा त्यांचाच नियम. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली. साय इतकी दाट होती की खालचं काही दिसत नव्हतं.

“हे कंट्रोल,” त्या म्हणाल्या. “हे असंच वाढायला हवं होतं. पहिल्यापासून.”

मला उलगडलं नाही. त्या उभ्याच होत्या.

“तेल उडतं, शिंदेबाई. आपल्याला वास येतो तो म्हणजे उडालेलं तेलच. मी पैसे वाचवायला एकाच बशीत चार थेंब घालत होते. वरून झाकण. वाफ आत कोंडली. मग तशा पंधरा-वीस बश्या एका बंद पेटीत. त्या वाफेने जंतू मेले. कडेचे, मधले, कंट्रोलचेसुद्धा अर्धे. मी म्हणत राहिले, कल्चर जुनं झालं.”

“म्हणजे तेलाने मेलेच की.”

“झाकणाखाली मेले.” त्यांनी बशीवर बोट ठेवलं. “आत्येच्या हातावर झाकण कुठे आहे? ती समुद्रावर बसते. तिथे वारा असतो.”

नंतर आठवडाभर त्या एका बशीत एकच थेंब घालून, वेगळ्या बंद डब्यांत, पुन्हा पुन्हा तेच करत राहिल्या. मिसळलेलं तेल एकेकट्या तेलापेक्षा किंचित बरं होतं. देवकीला पुरत होतं, काशीला नाही. त्यांनी वर्गात दोन्ही बश्या फिरवल्या आणि चूक कुठे झाली ते फळ्यावर काढून दाखवलं. परिषदवाल्यांना कळवलं. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, कशाला उकरून काढता? कुणी विचारलंय का?”

“कुणी विचारलं नाही म्हणूनच,” त्या म्हणाल्या.

रविवारी मला म्हणाल्या, “गावी येता का? बाटल्या परत आणायच्यात. परकं माणूस सोबत असलं की बायका जरा कमी भांडतात.”

बोईसरहून रिक्षाने गेलो. पाऊस नुकताच संपला होता, आकाश कारखान्यांच्या बाजूने पिवळट. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्या उभारल्या होत्या आणि त्यांच्यावर बोंबील जोडीजोडीने, तोंडात तोंड अडकवून टांगलेले. वारा असा की पदर डोक्यावर राहीना. वलांडीखाली बायका बसल्या होत्या आणि जवळ जावं तसा मासळीच्या वासातून गवती चहाचा वास येत होता. एकीच्या हाताचा नाही, सगळ्यांच्याच.

मॅडमनी सांगितलं. सोपं करून, दोनदा. बायकांनी ऐकून घेतलं.

“काल चांगला होता, आज वाईट झाला?” एक म्हणाली.

“काल पण नव्हता. माझी चूक झाली.”

“तुजी कशी चूक होल? तू मॅडम हाय.”

“बाटल्या द्या.”

“नाय देणार. विकत घेऊ पायजे तर. आमचा ठणका जातो.”

“ठणका जातो म्हणूनच सांगते, बाय. दुखत नाही म्हणून तुम्ही दाखवत नाही. आत काय चाललंय ते कळत नाही.”

कुणी हलेना. तेव्हा मॅडम आत्येकडे वळल्या. काशीआते थोरली, काटक, तोंडात तंबाखूची गोळी. ती एका हातानेच बोंबील निवडत होती.

“आते, हात.”

तिने डावा हात पुढे केला. मॅडमनी तो बघितला, उलटा केला, सोडला.

“उजवा.”

“उजव्याला काय नाय झाला.”

“मग दे.”

“तेल लावलाय मी. तुजाच तेल हाय.” ती हसत होती. “रोज लावते. तुजा नाव घेऊन लावते.”

मॅडमनी खाली बसून तिच्या पदराखालून हात ओढून काढला. चिंधी सोडली. आतापर्यंतचा सगळा गवती चहा त्या चिंधीत होता, आणि त्याच्याखाली दुसरा वास होता. मधलं बोट टोकाला काळं पडलं होतं, शेजारचं जांभळं. मनगटाच्या वरपर्यंत एक लाल रेघ गेलेली. शिंगाळीचा काटा होता, आते म्हणाली. झाले असतील काही दिवस. दुखत नव्हतं, म्हणून बोलली नाही.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि मी रिक्षा बोलवायला धावले. बोईसरच्या हॉस्पिटलात नेईपर्यंत आते बडबडत होती. मॅडमनी तिचं मनगट दोन्ही हातांत उचलून धरलं होतं, पाण्याने भरलेली कळशी धरावी तसं.

दोन बोटं गेली. तळव्याचा थोडा भागही काढावा लागला. आते वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर कोपर, आणि त्याच्यापुढे सांगता आलं नसतं. काशीच्या नळीतल्या जंतूंवर कुठली औषधं चालतात ते मॅडमनी डॉक्टरांना तोंडपाठ सांगितलं. जखमेत निघालेही तेच. मी भेटायला गेले तेव्हा आते उशीला टेकून बसली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगत होती:

“तेल लावत होते तंवर हात बरा होता. हितं आणला, तेल बंद केला, नि बोटा काळी पडली. मंग डाक्टरनी कापली.”

“आते, बोटं आधीच काळी होती,” मॅडम म्हणाल्या.

“तू नको बोलू. तू घाबरलीस. तुजा तेल चांगला हाय गो, तुलाच त्याच्यावर भरवसा नाय.” आणि बँडेजमधला हात किंचित उचलून, “घरी गेल्यावर एक बाटली दे.”

मॅडम खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी आत्येला मोसंबी सोलून देत बसले.

हीच गोष्ट गावात पसरली. आतेने ती स्वतः पसरवली, मॅडमचा मान राखण्यासाठी. आपल्या भाचीने लावलेला शोध खोटा म्हणवून घ्यायला ती तयार नव्हती, मग भाची स्वतः काहीही म्हणो. पुढच्या हंगामात बाजारात बाटल्या दिसू लागल्या. कुणीतरी खोबरेलात गवती चहा आणि लवंग घालून विकत होतं. वर चिठ्ठी होती: तामोरे मॅडमचं तेल. माझ्या नवऱ्याच्या कारखान्यात ऍसिडने हातांची कातडी उतरते, तिथली उत्तरेकडची मुलंसुद्धा ते लावू लागली. “भाभी, मॅडमजीवाला तेल है, असली,” असं एकाने मला दाखवलं. मी मॅडमना सांगितलं. त्यांनी विचारलं, “त्याचे हात बघितलेत का?” एवढंच.

त्या बारीक होत गेल्या. लॅबमध्ये तितक्याच कडक राहिल्या, स्टाफरूमची खिडकी उघडून डबा खात राहिल्या, जोशीसरांना उत्तरंही देत राहिल्या. पण रविवार संपूर्ण गावासाठी. आता नमुने घेत नव्हत्या. नुसते हात बघत हिंडायच्या. साखर मोजायचं यंत्र पर्समध्ये असायचं. दोन-तीन बायकांना त्यांनी वेळेवर हॉस्पिटलात पोचवलं, त्यांचं काही गेलं नाही. पण जिचं काही गेलं नाही तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. काशीआतेचा हात मात्र सगळ्यांना रोज दिसत होता.

या हिवाळ्यात मॅडम झोपेतच गेल्या. हृदय, डॉक्टर म्हणाले. त्याच्या साधारण महिनाभर आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कॉलेजात नाही. आम्ही नवराबायको सुकी मासळी घ्यायला किनाऱ्यावर गेलो होतो. ऊन चांगलं होतं, वारा होता. वलांड्या भरलेल्या होत्या. मॅडम लांबूनच दिसल्या, एका तरुण बाईपुढे उभ्या. त्या बाईचा एक हात पदराखाली होता. मी हाक मारणार होते, पण थांबले.

“दाखव,” मॅडम म्हणत होत्या.

“काय नाय झाला, मॅडम.”

“मग दाखव.”

मागे पाटीपाशी काशीआते बसली होती. उरलेल्या बोटांनी ती भराभर बोंबील जोडत होती. मान वर न करता म्हणाली, “दाखवू नको गो. दाखवलास का डाक्टरकडं न्हेल ती.”

तरुण बाई हसली आणि एक पाऊल मागे सरली. मॅडम एक पाऊल पुढे गेल्या. तळवा वर करून त्यांनी हात पुढे धरला होता आणि त्या वाट बघत होत्या. मग वलांडीखाली बसलेल्या बायकांनी, एकीने, मग दुसरीने, मग सगळ्यांनीच, आपापले हात पदराखाली घेतले.